मालकाच्या आकड्यातून वजाबाकी करू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर कळेल. कोथरूडमध्ये २००१ सालच्या इमारतीत तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर टू बीएचके बघितलाय. लिफ्ट नाही, झाकलेलं पार्किंग आहे. तुमच्या आईवडिलांचं घर तिथून पाच मिनिटांवर. जाहिरातीत ९३० चौरस फूट लिहिलंय, जुन्या करारनाम्यात कार्पेट (भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) ६४० आहे आणि मालक १ कोटी ८ लाख म्हणताहेत. एजंट म्हणतो, पाच टक्क्यांच्या वर एक रुपया कमी होणार नाही. सासरे म्हणतात, वीस टक्के पाडूनच मागायचं. तुम्हाला विचारायचंय की नक्की किती टक्के कमी सांगावं.

खरी अडचण टक्क्यांची नाहीच. एजंट आणि सासरे दोघंही एकाच आकड्यातून वजाबाकी करताहेत आणि तो आकडा आला कुठून हे दोघांनाही ठाऊक नाही. शेजारच्या इमारतीत कुणीतरी सांगितलेला भाव असेल, नाहीतर मालकांना पुढचं घर घ्यायला लागणारे पैसे असतील. तो पंधरा लाखांनी फुगलेला असेल तर पाच टक्के पाडून तुम्ही पेढे वाटाल आणि तरी जवळपास दहा लाख जास्त दिलेले असतील. उलट भाव मुळातच रास्त असेल तर वीस टक्के कमी मागून चांगलं घर हातचं घालवाल.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. बँकांच्या गृहकर्जांसाठी पुण्यातल्या घरांचं मूल्यांकन करते, त्याला आता चोवीस वर्षं झाली. आम्हाला मालकाचा आकडा सांगतात, पण त्यावरून सुरुवात केली तर आमचं काम संपलंच. आकडा खालून रचत न्यायचा असतो. तुम्हीही तेच करा. मात्र मी सांगतेय ते जुन्या सोसायटीतल्या, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या फ्लॅटबद्दल. बिल्डरकडच्या नव्या घराची बोलणी निराळी असतात, बंगल्याची आणि प्लॉटची त्याहून निराळी, आणि मुंबईत तर दोन गल्ल्यांत भाव बदलतो. ते इथे लागू करू नका.

सुरुवात क्षेत्रफळापासून. ते ९३० विसरा. त्यात जिना, पॅसेज, भिंती आणि विकणाऱ्याची हौस असं सगळं मिसळलेलं असतं. त्या हिशोबाने भाव फुटाला ११,६०० पडतो आणि स्वस्त वाटतो. ६४० कार्पेटवर तोच भाव १६,८७५ होतो. जुन्या करारनाम्यातल्या कार्पेटमध्ये पुष्कळदा बाल्कनीही धरलेली असते, रेरा या गृहनिर्माण कायद्याच्या कार्पेटमध्ये ती धरत नाहीत. म्हणून एका रविवारी टेप घेऊन जा आणि खोली खोली मोजा. मालक नको म्हणत नाहीत, आणि म्हणाले तर तेही काहीतरी सांगून जातंच.

आता भाव. जाहिरातींतले भाव ही मागणी असते, विक्री नव्हे. झालेली विक्री दिसते इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च म्हणून मोफत सोय आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या सर्व्हे नंबरवर नोंदलेले दस्त दिसतात. मोबदला किती, क्षेत्र किती, तारीख कोणती, सगळं एका पानावर. गेल्या दीड वर्षातले त्याच इमारतीतले आणि आजूबाजूचे जेवढे मिळतील तेवढे काढा. चार मिळाले तरी पुष्कळ. संकेतस्थळ कधी कधी रुसतं, तेव्हा रात्री उशिरा बसा.

ते वाचताना तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. बक्षीसपत्र आणि नात्यातल्या नात्यात झालेले व्यवहार बाजूला काढा. मोबदला रेडीरेकनरच्या (सरकारी दराच्या) मूल्याशी अगदी जुळत असेल तर त्या दस्तावर माझा विश्वास नसतो. तिथे बहुधा काही रक्कम टेबलाखालून गेलेली असते आणि खरा भाव त्याहून वर असतो. आणि दस्ताची तारीख म्हणजे भाव ठरल्याची तारीख नव्हे. बोलणी दोन-तीन महिने आधीच झालेली असतात.

रेडीरेकनरचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. तो बाजारभाव नाही. मुद्रांक शुल्कासाठी सरकारने विभागवार ठरवलेला दर आहे, आणि एकाच विभागात पाणी गळणारं घर आणि नवंकोरं घर दोन्ही असतात. त्याचा उपयोग खालची रेघ म्हणून करा. शुल्क करारातली किंमत आणि रेडीरेकनरचं मूल्य यांतलं जे जास्त, त्यावर बसतं. आणि करारातली किंमत त्या मूल्यापेक्षा फारच कमी असेल, म्हणजे फरक दहा टक्क्यांच्या वर गेला, तर आयकर खातं तो फरक तुमचं उत्पन्न धरतं. कोथरूडच्या जुन्या फ्लॅटमध्ये ही वेळ सहसा येत नाही, पण एकदा तपासा.

तुम्ही अजून इंडेक्स टू काढलेले नाहीत, म्हणून रीत समजण्यापुरते आकडे मी मनाने धरते. खरे आले की त्यांच्या जागी घाला. समजा, त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरचा ६४० फुटांचा फ्लॅट आठ महिन्यांपूर्वी ९६ लाखांना गेला, म्हणजे फुटाला १५,०००. समोरच्या, २००८ सालच्या आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत ६९० फूट १ कोटी १२ लाखांना, म्हणजे १६,२०० च्या थोडं वर. आणि मागच्या गल्लीत बिनलिफ्टचा तिसरा मजला, ६०० फूट, पार्किंग नाही, ८४ लाखांना. म्हणजे १४,०००.

या तिन्हींना तुमच्या फ्लॅटच्या जागी आणून बसवायचं. लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्यापेक्षा तिसऱ्याला मी साधारण पाच ते सात टक्के कमी धरते. म्हणजे १५,००० चे १४,००० ते १४,२५०. समोरच्या इमारतीला लिफ्ट आहे आणि ती सात वर्षं नवी आहे, त्याचे मिळून बारा टक्के काढले की १४,३०० उरतात. मागच्या गल्लीतल्याला पार्किंग नव्हतं, तुमच्याला आहे, म्हणून १४,००० वर थोडी भर. फिरून फिरून आपण १४,००० ते १४,५०० मध्येच येतोय, म्हणजे साधारण साडेएकोणनव्वद ते पावणेत्र्याण्णव लाख. ही टक्केवारी माझ्या अनुभवातली आहे, दुसरा मूल्यांकनकार दोन टक्के इकडेतिकडे करेल. पण तीन वाटांनी जाऊन एकाच चौकात पोचलो की रस्ता बरोबर आहे असं मी समजते.

इथे खूप जण एक चूक करतात, ती तुम्ही करू नका. "वायरिंग जुनं आहे, बाथरूम फोडायला लागणार, सहा लाखांचं काम आहे, म्हणून सहा लाख कमी करा." पण पहिल्या मजल्याचा आणि मागच्या गल्लीतला फ्लॅटही तसाच जुना विकला गेला असेल, तर त्या कामाची वजावट त्यांच्या भावात आधीच झालेली आहे. पुन्हा वजा केली तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. मालकाचा एजंट हुशार असेल तर तिथेच तुम्हाला पकडेल. वजावट मागायची ती इतरांपेक्षा या घरात जे वेगळं वाईट आहे त्याचीच.

आणि ते शोधायला घर नीट बघावं लागतं. मागच्या पावसाळ्यात मी कर्वेनगरला अशाच एका वरच्या मजल्यावर गेले होते. हॉलचं छत पिवळसर, स्वयंपाकघराचं धुराने काळवंडलेलं, आणि आतल्या बेडरूमचं मात्र दुधासारखं पांढरं. पंख्याच्या एका बाजूचा चौकोन तेवढा जरा जास्तच पांढरा. स्टूल मागून घेतलं आणि खिशातलं पाच रुपयांचं नाणं छतावर टकटक वाजवत गेले. टणक, टणक, आणि त्या चौकोनाखाली आल्यावर बद्द. प्लास्टर स्लॅबपासून सुटलेलं. कपाट भिंतीपासून वीतभर ओढलं तर मागे तळहाताला ओल लागली. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे पाऊस जरा तिरकाच येतो." पाऊस गच्चीतून सरळ खाली येत होता.

तुमचाही सगळ्यात वरचा मजला आहे. गच्चीची गळती दुरुस्त करणं ही सोसायटीची जबाबदारी असते, पण सोसायटीच्या फंडात पैसे नसतील तर ती जबाबदारी फक्त कागदावर राहते. सेक्रेटरींना भेटा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग शेवटचं कधी केलं ते विचारा आणि गेल्या दोन सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त मागा. दहा बारा सभासद मिळून मोठा खर्च काढायचं ठरलं असेल तर तुमच्या वाट्याची रक्कम किमतीतून वजा करायला तुम्ही मोकळे आहात, कारण तो खर्च फक्त याच इमारतीचा आहे. जाता जाता सेक्रेटरींना हेही विचारा की शेवटचा फ्लॅट कितीला गेला. इंडेक्स टू मध्ये न दिसणाऱ्या गोष्टी त्यांना माहीत असतात.

कोथरूड आहे म्हटल्यावर रिडेव्हलपमेंटचा विषय निघणारच. "आता इमारत पाडणार, नव्या घरात जागा वाढून मिळणार, म्हणून भाव जास्त." असं जो म्हणेल त्याला एकेक कागद विचारा. जमिनीचं कन्व्हेयन्स (मालकीचं हस्तांतर), किंवा बिल्डरने ते केलं नसेल तर सरकारकडून मिळणारं मानीव अभिहस्तांतरण, सोसायटीच्या नावावर झालंय का? ७९अ प्रमाणे, म्हणजे सहकार कायद्याखालच्या पुनर्विकासाच्या नियमांप्रमाणे, सभेत ठराव झालाय का? विकसकाशी करार नोंदणीकृत आहे का? तिन्ही "हो" असतील तर जास्त मोजायला हरकत नाही. नुसती चर्चा असेल तर चर्चेचे पैसे देऊ नका. मी ज्या इमारतींत दहा वर्षांपूर्वी "पुढच्या वर्षी पाडणार" हे ऐकलं, त्यांतल्या काहींत आजही मूल्यांकनाला त्याच जिन्याने चढते.

घराची किंमत आपण ९० ते ९२ लाखांच्या आसपास काढली. ती बाजारासाठी. तुमच्यासाठी ती थोडी वेगळी असू शकते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आईवडील पाच मिनिटांवर असणं याची किंमत बँक धरणार नाही, तुम्ही जरूर धरा. दोन लाख धरा. म्हणजे ९४. हा तुमचा शेवटचा आकडा. आज, बोलणी सुरू व्हायच्या आधी, डायरीत लिहा आणि नवऱ्याची खाली सही घ्या. थट्टा करत नाहीये. समोर चहा आला आणि मालक "आमच्या मुलीसारख्याच आहात" म्हणाले की लाखाची किंमत हजारासारखी वाटायला लागते.

९४ च्या वर का नाही, ते कर्जाच्या बाजूने बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, ७५ लाखांच्या वर गेलं की ७५ टक्के. मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. आणि बँक करारातली किंमत व आमचं मूल्यांकन यांतली कमी असेल ती घेते. माझ्यासारखीने ९२ लिहिले तर कर्ज ७३ लाख ६० हजार. तुम्ही ९४ ला घेतलंत तर घराचे २० लाख ४० हजार खिशातून. त्यावर पुण्यात मेट्रोच्या अधिभारासकट ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ६ लाख ५८ हजार. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की नाही. नोंदणी फी ३० हजार, दलाली एक टक्का धरली तर ९४ हजार, सोसायटीचं हस्तांतरण प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार (त्याहून जास्त मागितलं तर सरकारी परिपत्रक दाखवा), आणि घराचं काम सहा लाख. बेरीज साधारण साडेचौतीस लाख.

हेच घर १ कोटी ४ लाखांना घेतलंत तर कर्ज तेवढंच राहतं, कारण मूल्यांकन बदलत नाही. वरचे सगळे दहा लाख, त्यावरचं शुल्क आणि दलाली मिळून जवळजवळ पावणेअकरा लाख रोकड तुमच्याच बचतीतून जाते. महिन्याच्या हप्त्यात हे दिसत नाही, म्हणून लोक फसतात.

आता पहिला आकडा. मी ८८ म्हणेन. वर यायला जागा हवी आणि तरी समोरच्याला मागे कारण दिसलं पाहिजे. (हो, ८८ म्हणजे १ कोटी ८ मधून साडेअठरा टक्के कमी. सासरे आकड्याच्या जवळ पोचले, फक्त वाट दुसरी होती. एजंटला सांगू नका.) नुसता आकडा फेकू नका. दोन इंडेक्स टू ची प्रिंट, मोजलेलं कार्पेट आणि कर्जाचं पूर्वमंजुरीचं पत्र घेऊन मालकांना समोरासमोर भेटा. एजंट वाईट असतो असं नाही, पण त्याला व्यवहार होण्यात रस असतो, आणि तुमचे चार लाख वाचले तर त्याची दलाली चार हजारांनी कमी होते. म्हणा, "काका, तुमच्याच इमारतीतला पहिला मजला एवढ्याला गेला, मागचा तिसरा मजला एवढ्याला. त्यावरून आम्हाला ८८ दिसतात. आमचं कर्ज तयार आहे." आणि गप्प बसा. पुढचं वाक्य त्यांना बोलू द्या. पुढच्या वाढी लहान लहान होत गेल्या पाहिजेत: ८८, मग ९१, मग साडेब्याण्णव. दर वेळी तीन तीन लाख चढलात तर समोरच्याला कळतं की अजून चढणार.

मालक का विकताहेत, हे कळलं तर या सगळ्याहून जास्त उपयोग होतो. कोथरूडमध्ये पुष्कळदा मुलगा परदेशात असतो आणि आईवडील त्याच्याकडे किंवा लिफ्ट असलेल्या घरात जाणार असतात. त्यांना दोन लाखांपेक्षा सहा महिने राहायला मिळणं मोलाचं वाटू शकतं. तुम्हाला घाई नसेल तर ते द्या आणि भाव उतरवून घ्या. मात्र फ्लॅट परदेशस्थ मुलाच्या नावावर असेल तर टीडीएसचे नियम बदलतात. एरवी ५० लाख किंवा त्यावरच्या घराला तुम्ही १ टक्का कापून सरकारकडे भरायचा असतो. परदेशस्थ विक्रेता असेल तर कापायची रक्कम बरीच मोठी होते आणि चूक झाली तर नोटीस तुम्हाला येते. तिथे आधी सीए, मग ऑफर.

"थोडे रोखीत द्या, भाव कमी करतो" असं म्हणतील. नको म्हणा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो, हे मालकांना शांतपणे सांगितलं की बहुतेक विषय तिथेच संपतो. शिवाय रोखीतल्या रकमेवर तुम्हाला कर्ज मिळत नाही, आणि उद्या तुम्ही विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत कागदावर कमी दिसून नफ्यावरचा कर तुम्हीच जास्त भराल.

"दुसरी पार्टी उद्या टोकन देतेय" हेही ऐकायला मिळेल. २००९ मध्ये माझं स्वतःचं घर घेताना मी हे ऐकलं. त्या घराच्या पूर्वेच्या बाल्कनीत नवऱ्याचा जीव अडकला होता. रोज दुसऱ्यांना अक्कल शिकवणारी मी, रात्री साडेनऊला फोन करून दोन लाख वाढवून मोकळी झाले. राहायला गेल्यावर चार महिन्यांनी शेजारीण सहज म्हणाली, "तुमच्या आधी दीड महिना कुणी बघायलाही आलं नव्हतं हो." दुसरी पार्टी कधी कधी खरीही असते. म्हणूनच तो डायरीतला आकडा. खरी असो वा खोटी, तुमचे ९४ तिच्यामुळे बदलत नाहीत.

एक गोष्ट मात्र भावात बसत नाही, ती म्हणजे कागदाचा दोष. वारसांपैकी एकाचं हक्कसोडपत्र राहिलंय, भोगवटा प्रमाणपत्र नाही, जुन्या कर्जाचा बोजा उतरलेला नाही, "म्हणून पाच लाख कमी देतो" हा सौदा करू नका. कागद पूर्ण होईपर्यंत थांबा किंवा सोडा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल काढून घ्या. जमलं की विसार म्हणून एखादा लाख चेकने किंवा बँकेतून द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की शोध अहवालात दोष निघाला किंवा बँकेने कर्ज नाकारलं तर रक्कम परत. ते लिहून द्यायला जे तयार नाहीत त्यांना आणखी एक दिवस विचार करू द्या.

मालक ९७ वर अडून बसले तर ९४ सांगून, फोन नंबर ठेवून घरी या. पंधरा दिवस फोन करू नका आणि तोवर आणखी दोन घरं बघा. आणि इंडेक्स टू निघाले की खरे आकडे मला कळवा. पहिला मजला ९६ ऐवजी १ कोटी २ ला गेलेला निघाला तर माझे ९४ चुकले, आणि आपण पुन्हा मांडू.